चित्रात रमते, मग अभ्यासात का नाही?

प्रश्न : माझी मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्गात शांत बसते, पण फळ्यावरचं अर्धंच उतरवते. गृहपाठाला दोन-दोन तास लागतात. चित्र काढताना मात्र हलत नाही! घरचे म्हणतात, आळशी आहे. बाई म्हणतात, एडीएचडीची (लक्ष टिकवण्यातली अडचण, काहींमध्ये अतिचंचलपणा) तपासणी करा. मला गोळ्यांची धास्ती वाटते.

उत्तर : आधी एक विनंती. 'आळशी' हा शब्द तिच्या कानावर पडू देऊ नका.

एडीएचडी असलेली मुलंही आवडीच्या कामात गुंगून जातात. कंटाळवाणं काम तडीला नेताना त्यांची दमछाक होते. दंगा करणारं मूल लगेच नजरेत भरतं, गप्प बसून हरवणारी मुलगी मात्र वर्षानुवर्षं निसटून जाते. तुमच्या बाईंनी हे हेरलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

रक्ततपासणी किंवा स्कॅनवरून हे निदान होत नाही. त्रास 12 वर्षांच्या आधीपासून आहे का, किमान 6 महिने टिकलाय का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतो का, हे बघावं लागतं. म्हणून मी पालक आणि शिक्षक दोघांकडूनही प्रश्नावली भरून घेते. कान, डोळे तपासते, झोपेत घोरते का ते विचारते, वाचताना अडखळते का ते बघते. तुम्ही घरी एक करा : ती शून्यात बघत असताना खांद्याला हात लावा. तरीही काही सेकंद भान नसेल, बोलणं मध्येच तुटत असेल, तर मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवा. तो फिटचा प्रकार असू शकतो.

निदान झालंच, तर घरात सूचना एका वेळी एकच, जवळ जाऊन द्या. 'आवर पटकन' म्हणण्याऐवजी 'गणिताची वही काढ' म्हणा. गृहपाठाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करा, शाबासकी तिथल्या तिथे द्या. वर्गात पुढचा बाक मागून घ्या.

एवढ्याने भागत नसेल, तर या वयात औषधाचा विचार जरूर करावा. मेथिलफेनिडेट या एडीएचडीवरच्या औषधाच्या साध्या गोळीचा परिणाम तासाभरात दिसतो आणि चारेक तासांत ओसरतो. भूक मंदावते, झोप लांबते, म्हणून वजन, उंची, नाडी, रक्तदाब यांवर लक्ष ठेवतात. ही गुंगीची गोळी नव्हे. मूल मलूल वाटलं तर लगेच डॉक्टरांना कळवा, बहुधा डोस बदलावा लागतो.

तपासणीला जाताना पहिलीपासूनची प्रगतिपुस्तकं न्या. मार्कांपेक्षा त्यातले शिक्षकांचे शेरे जास्त उपयोगी पडतात.