अप्रेंटिसशिप घे, पण जूनमध्ये नको

दिघ्याहून एका मुलीचं पत्र आलं. वय २१, बारावी कला. ठाण्यातल्या एका मॉलमध्ये कपड्यांच्या काउंटरवर ती दोन वर्षं काम करते. हातात १३,५०० रुपये पडतात, पीएफ आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापला जातो. आई ऐरोलीत दोन घरी पोळ्या-स्वयंपाक करून ९,००० कमावते. वडील नाहीत, भाऊ नववीत. नेरुळच्या एका हॉस्पिटलने तिला जनरल ड्युटी असिस्टंट, म्हणजे वॉर्डात रुग्णांची देखभाल करणारी मदतनीस, म्हणून वर्षभराची अप्रेंटिसशिप देऊ केली आहे. स्टायपेंड ९,०००. एक बॅच जूनला सुरू होते, दुसरी १ ऑक्टोबरला. शिवाय ठाण्यातला एक क्लासवाला सहा महिन्यांच्या 'नर्सिंग असिस्टंट' कोर्सचे ६५,००० मागतो आणि नोकरी शंभर टक्के म्हणतो. त्यासाठी आई पाटल्या गहाण ठेवायला तयार आहे. मुक्त विद्यापीठाचं बीएचं दुसरं वर्षही चालू आहे. "ताई, पगार सोडून स्टायपेंडवर जाणं हा वेडेपणा आहे का?" असं तिने विचारलंय.

तू ताई म्हणालीस, म्हणून अगंतुगंच करते.

वेडेपणा नाही. फुकटही नाही. महिन्याला ४,५०० कमी, म्हणजे वर्षाचे ५४,००० होतात. ही तुझ्या शिक्षणाची फी समज. क्लासमध्ये ६५,००० भरायचे, वर दिवसभराचे तास असल्यामुळे नोकरी सुटणार, म्हणजे सहा महिन्यांचे ८१,००० गेले. मिळून १,४६,०००. त्यात पाटल्यांवरचं व्याज मी धरलेलंच नाही. आणि एवढं करून ज्या कामाला उभी राहशील, ते हॉस्पिटल तुला पैसे देऊन शिकवतंय. क्लासचा विचार सोडून दे. आईला सांग, पाटल्या हातात राहू देत.

आता घरचा हिशोब. तू लिहिलंस तसा खर्च १८,५०० आणि भिशीचे १,०००. आज २२,५०० येतात, म्हणून ३,००० उरतात. स्टायपेंडवर गेलीस की १८,००० येतील. पास, बूट, युनिफॉर्म, परीक्षा फी असे महिन्याला सरासरी हजार वाढतील. म्हणजे दर महिन्याला २,५०० ची तूट, वर्षाला ३०,०००. तुझ्याकडे बँकेत २२,००० आहेत आणि दिवाळीला भिशीचे १२,००० येतील. जूनमध्ये गेलीस तर वर्षाअखेर हातात ४,००० उरतात. घरात कुणी आठवडाभर आजारी पडलं की संपले. ऑक्टोबरची बॅच घेतलीस तर मधल्या चार महिन्यांत १२,००० साठतील आणि वर्षाअखेर १६,००० शिल्लक राहतील. जवळजवळ महिन्याभराच्या खर्चाइतके.

पण ऑक्टोबर म्हणण्याचं खरं कारण वेगळं आहे. पत्रात तू एका ओळीत लिहून पुढे गेलीस: आईच्या शुगरच्या गोळ्या ईएसआयच्या दवाखान्यातून येतात. अगं, तुझ्या नोकरीतला सगळ्यात मोलाचा भाग तोच आहे. अप्रेंटिस कायद्याने कामगार नसतो, शिकाऊ असतो. १९६१ चा कायदा तसं म्हणतो, आणि म्हणून तुला पीएफही नाही आणि ईएसआयही नाही. मॉल सोडलास की कार्ड लगेच बंद होत नाही, पण किती दिवस चालेल ते सोडायच्या तारखेवर ठरतं. एप्रिल ते सप्टेंबर या सहामाहीत किमान ७८ दिवसांची ईएसआयची वर्गणी भरली गेली, तर पुढच्या जानेवारी ते जूनपर्यंत उपचार मिळतात. ऑक्टोबर ते मार्चची वर्गणी जुलै ते डिसेंबरला उपयोगी पडते. मेअखेर नोकरी सोडलीस तर नव्या सहामाहीचे ७८ दिवस भरतच नाहीत आणि डिसेंबरनंतर आई उघड्यावर. ३० सप्टेंबरला सोडलीस तर पुढच्या जूनपर्यंत गोळ्या चालू. तेव्हा तुझी अप्रेंटिसशिप संपायला तीनच महिने उरलेले असतील. सप्टेंबरची सॅलरी स्लिप आणि ईएसआयचा विमा क्रमांक जपून ठेव.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेवर विसंबू नकोस. ती भरती झाल्यावरच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, रोजच्या गोळ्यांसाठी नाही.

पीएफला हात लावू नकोस. पाच वर्षांच्या आत काढलेल्या पीएफवर कराची भानगड येऊ शकते, आणि २०२४-२५ साठी ८.२५ टक्के व्याज मिळालंय. पुढच्या नोकरीत तोच यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा क्रमांक, दे.

हॉस्पिटलला मात्र विचारायलाच हवं: करार अप्रेंटिसशिप इंडिया पोर्टलवर नोंदवणार का? त्याचा नंबर मिळेल का? नुसतं 'ट्रेनी' लिहिलेलं पत्र देणार असतील तर जाऊ नकोस. ती कमी पैशातली साधी नोकरी झाली, वर्षाअखेर राष्ट्रीय प्रमाणपत्र मिळणार नाही, आणि पीएफ-ईएसआयही गेलेला असेल. दुसरं, हे ९,००० कसे येणार? २०१९ च्या नियमांत बारावी पासला किमान ७,००० ठरवले होते, त्यामुळे आकडा वाईट नाही. पण सरकारी योजनेत स्टायपेंडचा पाव हिस्सा, जास्तीत जास्त १,५००, सरकार थेट तुझ्या आधार जोडलेल्या खात्यात टाकतं. ९,००० त्यासकट असतील तर हॉस्पिटलकडून ७,५०० च येतील. सरकारी पैसे उशिरा आले तरी चूल अडू नये, म्हणून पहिले तीन महिने ७,५०० धरूनच चाल. आणि वर्षानंतर नोकरी द्यायचं बंधन कायद्याने हॉस्पिटलवर नाही, तिथे राहायचं बंधन तुझ्यावरही नाही. करारात वेगळं काही लिहिलंय का, ते सही करण्याआधी वाच.

हे काम काय आहे, ते मी जवळून पाहिलंय. सासूबाईंना अर्धांगवायू झाला तेव्हा घरी आया पुरवणाऱ्या ब्युरोकडून आलेली मुलगी तुझ्याच वयाची होती. एका रेघी वहीत ती लिहायची: २ वाजता डावी कूस, ४ वाजता उजवी, ६ वाजता पाठ. खाली युरीन बॅगचं माप. सात महिने सासूबाई अंथरुणाला होत्या, पण पाठीला एक व्रण पडला नाही. त्या वहीची किंमत मला कळते. पण आम्ही दिवसाचे जे पैसे देत होतो, त्यातले तिच्या हातात किती पडायचे ते तिनेच एकदा सांगितलं, आणि मला रात्रभर झोप लागली नाही. ब्युरोत पीएफ नव्हता, ईएसआय नव्हता, रजा नव्हती.

म्हणून असिस्टंटवर थांबायचं नाही, एवढं आजच मनात धर. असिस्टंट म्हणजे नर्स नव्हे. नर्स व्हायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते, आणि त्यासाठी एएनएम (सहायक नर्स आणि सुईणीचा कोर्स) दोन वर्षं, जीएनएम (नर्सिंगचा डिप्लोमा) तीन वर्षं किंवा बीएस्सी नर्सिंग चार वर्षं. बीएस्सीला बारावीत विज्ञान लागतं, ते दार तुला बंद आहे. जीएनएमचं दार कला शाखेला उघडं आहे, बारावीत इंग्रजी असेल तर. मार्कशीट काढून इंग्रजीचे आणि एकूण गुण बघ, ४० टक्क्यांची अट असते. वर्षभर वॉर्डात राहिलीस की हे काम आपलं आहे का ते तुला कळेल, आणि मगच कर्जाचा विचार. शैक्षणिक कर्ज चार लाखांपर्यंत असेल तर स्वतःची रक्कम आधी घालावी लागत नाही आणि साधारणपणे हप्ते कोर्सनंतर सुरू होतात. तेव्हाही पाटल्या नकोत.

बीएचं दुसरं वर्ष पूर्ण कर, फी भरलेली आहे. नर्सिंगला त्याचा उपयोग नाही, म्हणून तिसऱ्याचे पैसे जीएनएमचा निर्णय झाल्याशिवाय भरू नकोस. परीक्षेच्या दिवसांत रजा मिळेल का, तेही हॉस्पिटलला आत्ताच विचार.

नेरुळला जायला दिघा गाव स्टेशनवरून वाशीची गाडी उपयोगाची नाही, नेरुळ किंवा पनवेलची पकडावी लागेल. सकाळची ड्युटी असेल तर एकदा त्या वेळेला प्रत्यक्ष जाऊन बघ, आणि मगच तिमाही पास काढ.

प्रधानमंत्री सुरक्षा विमा वर्षाला २० रुपये आणि जीवन ज्योती ४३६. दोन्ही तुझ्या नावावर बँकेत सुरू कर. आईचं वय ४४ आहे, तिच्याही नावावर कर.

आणि हिपॅटायटिस बीची लस. सुया आणि रक्ताच्या आसपास काम आहे. तीन डोस असतात: पहिला, महिन्याने दुसरा, सहाव्या महिन्यात तिसरा. हॉस्पिटल देणार असेल तर उत्तम. नसेल तर पहिला जूनमध्येच घे, म्हणजे वॉर्डात पाऊल टाकशील तेव्हा दोन झालेले असतील. हॉस्पिटलने करार आणि स्टायपेंडबद्दल काय सांगितलं ते कळव, नोटीस द्यायच्या आधी.