एमजीयूएस निघालंय, पुढं काय? माझी नऊ वर्षं

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मिस्टर ५६ वर्षांचे, आठ वर्षांपासून शुगर. पायाला मुंग्या येतात म्हणून तपासण्या केल्या आणि रक्तात एम-बँड, म्हणजे एकाच जातीचं जादा प्रोटीन, निघाला: प्रकार आयजीजी लॅम्बडा, दर १०० मिलीला ०.८ ग्रॅम. डॉक्टर म्हणाले, हे एमजीयूएस, कॅन्सरच्या आधीची पायरी म्हणतात, पण आत्ता औषध नाही, सहा महिन्यांनी या. तेव्हापासून त्यांची झोप उडालीय. 'प्रोटीन वाढलंय' म्हणून तुम्ही दूध, अंडी, डाळ बंद केलीय. सासूबाई म्हणतात मुलीचं लग्न यंदाच उरका. आणि तुम्ही विचारलंय की काहीच न करता घरात बसायचं कसं.

मी डॉक्टर नाही. कोल्हापुरात शिवाजी उद्यमनगरात माझं लेथचं वर्कशॉप आहे, वय ६३. माझं २०१६ साली निघालं. दमल्यासारखं वाटायचं म्हणून रक्त दिलं, त्यात टोटल प्रोटीन जास्त दिसलं, मग इलेक्ट्रोफोरेसिस (रक्तातली प्रोटीनं वेगळी करून बघायची तपासणी) झाली आणि १.१ ग्रॅमचा एम-बँड सापडला. म्हणजे तुम्ही आज जिथं आहात तिथं मी आणि माझी बायको नऊ वर्षांपूर्वी होतो.

सगळ्यात आधी जेवणाचं, कारण ही चूक आमच्या घरात झाली. बायकोनं मटकीची उसळ, अंडी, मटण सगळं थांबवलं. मी सकाळी गंगावेशीत धारोष्ण दूध प्यायला जायचो, ते बंद. दोन महिन्यांत माझं वजन पाच किलो उतरलं. वजन उतरलं म्हटल्यावर घरात रडारड, 'बघा, पसरलं.' डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "खाताय काय?" सांगितल्यावर त्यांनी कपाळाला हात लावला. हे प्रोटीन ताटातून येत नाही, ताई. हाडांच्या मगजात प्लाझ्मा पेशी असतात, त्या जंतूंशी लढायला अँटीबॉडी बनवतात, प्रत्येक जंतूसाठी वेगळी. एमजीयूएसमध्ये त्यातलं एकच घराणं वाढतं आणि तीच ती अँटीबॉडी काढत राहतं. फाउंड्रीत एकाच पॅटर्नवरून दिवसभर तोच नग ओतावा, तसं. तपासणीच्या पट्टीवर त्या एकसारख्या मालाचा टोकदार उंचवटा दिसतो, तो एम-बँड. डाळ सोडून तो उंचवटा खाली येत नाही, फक्त माणूस वाळतो. तुमच्या मिस्टरांना पथ्य आहे ते शुगरचं.

आता 'कॅन्सरच्या आधीची पायरी' या शब्दाबद्दल. मल्टिपल मायलोमा हा प्लाझ्मा पेशींचा कॅन्सर, आणि तो जवळजवळ नेहमी या अवस्थेतून पुढं जातो हे खरं. पण उलटं बघितलं तर चित्र वेगळं दिसतं. ही अवस्था असलेल्या माणसांपैकी वर्षाला साधारण शंभरात एक मायलोमा किंवा त्यासारख्या आजाराकडं जातो. अमेरिकेत मिनेसोटातल्या ओल्मस्टेड काउंटीत पन्नाशी ओलांडलेल्या २१ हजारांहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, त्याचा अहवाल २००६ साली आला. त्यात शंभरात तिघांना हे होतं, आणि बहुतेकांना त्याची गंधवार्ता नव्हती. पायरी म्हटलं की पुढची पायरी चढायचीच असं आपल्याला वाटतं. इथं बहुतेक माणसं त्याच पायरीवर म्हातारी होतात.

तरी 'शंभरात एक' हा सगळ्यांचा मिळून आकडा आहे. आपला आकडा तीन गोष्टींवर ठरतो: एम-बँड दीड ग्रॅमपेक्षा कमी आहे का, अँटीबॉडीचा प्रकार आयजीजी आहे का, आणि फ्री लाइट चेनचं (रक्तात सुटे फिरणारे अँटीबॉडीचे छोटे तुकडे, कप्पा आणि लॅम्बडा असे दोन प्रकारचे) गुणोत्तर नॉर्मल आहे का. तिन्ही चांगल्या असतील तर वीस वर्षांत शंभरातले पाचेक पुढं जातात. तिन्ही वाईट असतील तर निम्म्याहून जास्त. तुमच्या मिस्टरांच्या पहिल्या दोन गोष्टी चांगल्या आहेत. तिसरीबद्दल तुम्ही काहीच लिहिलेलं नाही, म्हणजे बहुतेक ती तपासणी झालेलीच नाही. ती करून घ्या. कप्पा आणि लॅम्बडा यांचं गुणोत्तर नेहमीच्या पद्धतीत ०.२६ ते १.६५ धरतात. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम कसं चाललंय ते सांगणारा आकडा) वाढलेलं असेल तर हा पल्ला थोडा वर सरकतो, तेव्हा दोन्ही रिपोर्ट एकत्र दाखवा.

आणि मुंग्या. इथं मात्र मी 'काही नाही, शुगरच असेल' म्हणणार नाही. शुगरनं मुंग्या येतात, आणि शुगरची मेटफॉर्मिन गोळी वर्षानुवर्षं चालू असेल तर बी-१२ कमी होऊनही येतात. ते आधी तपासा. पण एम-बँड असलेल्या माणसात क्वचित हेच प्रोटीन नसांना त्रास देतं. आणखी क्वचित ते मूत्रपिंड, हृदय, नसा यांच्यात साठतं, त्याला अमायलॉइडोसिस म्हणतात आणि त्यात लॅम्बडा जास्त आढळतो. म्हणून लघवीतलं प्रोटीन तपासा, मेंदू-मज्जातंतूच्या डॉक्टरांना एकदा दाखवा आणि एम-बँडचा रिपोर्ट त्यांच्या हातात द्या. मुंग्यांचा डॉक्टर एकीकडं आणि रक्ताचा दुसरीकडं असलं की दोन्ही फायली घेऊन आपणच मधे उभं राहायचं. बोन मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी) करायची का, हे या सगळ्यानंतर रक्तविकारतज्ज्ञ ठरवतील. तिन्ही गोष्टी चांगल्या असतील आणि दुसरी काही तक्रार नसेल तर ती बहुधा लागत नाही. मुंग्यांमुळं तुमच्याकडं ते वेगळं ठरू शकतं. मुंबईला टाटाला जायचं मनात असेल तर एकदा मत घ्यायला जा, मन स्वस्थ होतं. दर वेळी रात्रीची गाडी पकडायची गरज नाही, पुढच्या तपासण्या कोल्हापुरात होतात.

तर 'काहीच करायचं नाही' याचा अर्थ औषध नाही, एवढाच. आजवर या टप्प्यावर औषध दिल्यानं आयुष्य वाढतं असं दिसलेलं नाही, त्रास मात्र होतो. लक्ष ठेवणं हे काम आहे आणि ते नीट करावं लागतं. मी एक वही केलीय. तारीख, एम-बँड, कप्पा, लॅम्बडा, गुणोत्तर, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन, कॅल्शियम. दरवर्षी एक ओळ. नऊ वर्षांत माझा आकडा १.० ते १.२ मध्येच फिरतोय.

मधे एकदा तो १.६ आला होता. त्या वर्षी लेबोरेटरी बदलली होती, घराजवळ आहे म्हणून. त्या आठवड्यात मी बायकोला न सांगता वर्कशॉपच्या कागदपत्रांची फाइल लावून ठेवली. डॉक्टर म्हणाले, जुन्या ठिकाणी परत रक्त द्या. तिथं १.२ आला. मला हे आधी कळायला हवं होतं, कारण माझा धंदाच मापाचा. एक जॉब दोन वेगळ्या मायक्रोमीटरनं मोजला की फरक येतोच, म्हणून पहिल्यापासून शेवटपर्यंत एकच मायक्रोमीटर. त्या उंचवट्याची हद्द कुठून कुठपर्यंत धरायची हे माणूस ठरवतो, त्यात इकडं तिकडं होतं. लेबोरेटरी एकच ठेवा, आणि एका आकड्यावरून काही ठरवू नका, ओळ कुठं चाललीय ते बघा.

सहा महिन्यांच्या आत कधी जायचं? पाठीचं किंवा बरगडीचं दुखणं जे रात्री पडल्यावरही थांबत नाही, जिना चढताना नवा दम, परत परत न्युमोनिया, लघवीला फेस, पायावर सूज, कारण नसताना उतरणारं वजन, खूप तहान आणि बद्धकोष्ठ. मुंग्या वर चढायला लागल्या तरी थांबू नका.

दोन गोष्टी बंद करा. मेडिकलमधून आपल्या मनानं आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या, डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे. लेथवर उभं राहून कंबर धरायची म्हणून मी आठवड्याला एक पट्टी संपवायचो. शुगर आणि हे प्रोटीन, दोन्ही असताना मूत्रपिंड जपायलाच हवं. दुसरं म्हणजे 'रक्त शुद्ध करणारी' भस्मं आणि काढे. प्रेमानं आणून देतात, मलाही जवळच्या पाहुण्यांनी दिलं होतं. पण अशा काही औषधांत शिसं, पारा, आर्सेनिक सापडलेलं आहे. पाहुण्यांना वाईट वाटलं तरी चालेल. फ्लू आणि न्युमोनियाच्या लसींबद्दल डॉक्टरांना विचारा, या अवस्थेत संसर्ग थोडे जास्त होतात. हाडंही थोडी लवकर मोडतात, म्हणून व्हिटॅमिन डी बघा आणि चालणं सोडू नका. मी रंकाळ्याला रोज एक फेरी मारतो.

भीतीचं काय करायचं, हे सगळ्यात अवघड. ती गेली असं मी सांगणार नाही. जोतिबाची चैत्र यात्रा झाली की पुढच्या सोमवारी माझं रक्त जातं, रिपोर्ट यायला आठवडा लागतो. त्याच्या आधीचे आठ-दहा दिवस मला झोप नसते, अजूनही. पहिल्या दोन वर्षांत मात्र ते रोजचं होतं. प्रत्येक खोकल्याला, प्रत्येक पाठदुखीला मी मोबाइलवर मायलोमा शोधायचो. मग बायकोनं सांगितलं, वहीची तारीख आली की बोलायचं, रात्री दोनपर्यंत बोलू, एरवी नाही. ते आम्ही पाळलं. तुमचे मिस्टर बोलत नसतील तर त्यांना रिपोर्टच्या वेळी एकटं सोडू नका, लिफाफा दोघांनी मिळून उघडा.

आणि लग्न. मुलीचं मन असेल, स्थळ चांगलं असेल, तर करा. या रिपोर्टसाठी उरकू नका. सख्ख्या नात्यात याची शक्यता थोडी जास्त दिसते, पण हा आईबापाकडून मुलांना सरळ जाणारा आजार नाही. पाहुण्यांत कोणी 'कॅन्सर' म्हणालं तर तिथल्या तिथं दुरुस्त करा. आमच्याकडं तो शब्द एका लग्नाच्या मांडवात सुटला आणि माझ्या थोरलीला वर्षभर उत्तरं द्यावी लागली. त्याचं मला अजून वाईट वाटतं. पोरीला खरं काय ते तुम्हीच सांगा, दुसऱ्याकडून कळायच्या आत.

फ्री लाइट चेन, बी-१२ आणि लघवीचा रिपोर्ट आला की आकडे इथं लिहा. तज्ज्ञांकडं जाताना कोणते प्रश्न विचारायचे ते आपण बसून काढू. तोवर त्यांची डाळ आणि अंडी आजच सुरू करा, आणि दूध बिनसाखरेचं.