मोबाईलमध्ये सगळं असताना रेडिओ कोण ऐकतं? आणि रेडिओवर बोलणाऱ्यांना स्वतःला काय वाटतं?

ऐकतात ते बहुतेक हात अडकलेले लोक. मी सांगलीत एका खासगी एफएमवर सकाळचा शो करते, त्याआधी आकाशवाणीवर कॅज्युअल अनाउन्सर होते, त्यामुळं दोन्हीकडचा श्रोता थोडाफार ओळखीचा आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर भल्या पहाटे बागेत औषध मारणारा तासगावकडचा द्राक्षबागायतदार. मार्केट यार्डात हळदीच्या अडत दुकानात पट्ट्या लिहीत बसलेले दिवाणजी. डबे भरणाऱ्या बायका. रात्रीची थ्री फेज लाईट आली म्हणून बॅटरी घेऊन उसाला पाणी पाजायला गेलेला पोरगा. चिखलाच्या हातानं स्क्रीनवर गाणं बदलता येत नाही, आणि बांधावर बोलायला दुसरं माणूस नसतं.

यातल्या बऱ्याच जणांकडं रेडिओ म्हणावा असा रेडिओ नसतोच. आठवडी बाजारात मिळणारा छोटा स्पीकर असतो. त्यात मेमरी कार्ड जातं, पेन ड्राइव्ह जातो आणि एक बटण दाबलं की एफएम लागतं. कुणी विचारलं तर हा माणूस 'मी रेडिओ ऐकत नाही' असंच सांगेल.

गाण्यांसाठी रेडिओ लावा असं मात्र मी कुणाला म्हणणार नाही. त्यात आम्ही केव्हाच मागं पडलोय. मोबाईलनं आमच्याकडून जवळपास सगळं नेलं. 'आत्ता काय चाललंय' एवढं अजून पूर्ण नेता आलेलं नाही.

२०१९ च्या ऑगस्टमधला महापूर सांगलीकरांना सांगायला नको. आयर्विन पुलाजवळ कृष्णेची इशारा पातळी ४० फूट, धोका पातळी ४५ फूट. त्या वर्षी पाणी ५७ फुटांपर्यंत चढलं. तेव्हापासून पावसाळा लागला की इथं शाळकरी पोरंही विचारतात, कोयनेतून विसर्ग किती, आयर्विनला पातळी किती. आणि दर पावसाळ्यात व्हॉट्सॲपवर मारुती चौकातल्या पाण्याचा व्हिडिओ फिरायला लागतो. चौक खरा, पाणी खरं, मागं ओरडणारा माणूसही खरा. फक्त ते पाणी यंदाचं नसतं. 'आज रात्री धरणाचे दरवाजे उघडणार' असा मेसेज येतो, आणि ती 'आज रात्र' कुठल्या वर्षाची हे पाठवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. तेवढ्यावर लोक म्हाताऱ्या आईला आणि जनावरांना घेऊन बाहेर पडायच्या तयारीला लागतात, किंवा याच्या उलट, दहा वेळा फसल्यावर अकराव्यांदा खरा मेसेज आला तरी हलत नाहीत. दुसरं जास्त धोक्याचं.

माझ्या माइकवरून जे जातं त्याला वेळ चिकटलेली असते. सकाळचे सात वाजून दहा मिनिटं, आयर्विनला पातळी इतकी, मागच्या तासात वाढ इतकी. ते ऐकणाऱ्या सगळ्यांच्या घड्याळात तेव्हा सात दहाच झालेले असतात. पुराच्या दिवसांत मी गाणी कमी करते आणि वेळ पुन्हा पुन्हा सांगते. सांगलीवाडीच्या एका आक्कांनी सरळ सांगितलं होतं, "ताई, गाणं ऱ्हाऊ दे, पाणी सांग."

लाईट गेली आणि टॉवरची बॅटरी संपली की फोनमध्ये टॉर्चशिवाय फारसं काही उरत नाही. एफएमचा रिसीव्हर दोन सेलवर चालतो. दूरचं प्रक्षेपण चालू असलं की झालं. म्हणून तर २०२३ मध्ये केंद्र सरकारनं मोबाईल बनवणाऱ्या कंपन्यांना सूचना केली की फोनमधली एफएमची सोय बंद ठेवू नका; आपत्तीतला उपयोग हे त्यामागचं एक कारण होतं. तुमच्या फोनमध्ये ती असेल तर वायरचा इयरफोन जोडावा लागेल, कारण ती वायरच अँटेनाचं काम करते. बिनवायरचे इयरबड्स घेतलेल्यांनी एक जुना इयरफोन ड्रॉवरमध्ये ठेवून द्यावा.

यात एक गंमत आहे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत. २०११ च्या धोरणानुसार आकाशवाणीचं बातमीपत्र जसंच्या तसं लावायची मुभा आहे, बस. पण स्थानिक प्रशासनाकडून आलेली पाणी, वीज, नैसर्गिक आपत्ती, आरोग्य यांची माहिती बातमीत धरली जात नाही. म्हणजे महापालिकेत कोण कुणाला जाऊन मिळाला हे मी सांगू शकत नाही, पण विश्रामबागेत उद्या नळाला पाणी येणार नाही हे सांगू शकते. मला तरी हा सौदा वाईट वाटत नाही. पहिल्या विषयावर बोलायला चहाचे गाडे आहेतच.

आता आमच्याच धंद्यातली उलटी बाजू. रेडिओवर ताजं वाटतं ते सगळं ताजं नसतं. व्हॉइस ट्रॅकिंग नावाचा प्रकार आहे: दोन गाण्यांमधलं बोलणं, म्हणजे लिंका, निवेदक आधीच रेकॉर्ड करून ठेवतो आणि सॉफ्टवेअर त्या जागच्या जागी लावतं. 'काय सुरेख संध्याकाळ आहे' हे वाक्य दुपारी जेवायच्या आधी बोललेलं असू शकतं. बाहेर वळीव धो धो कोसळतोय आणि रेडिओवर कुणीतरी उन्हाचं कौतुक करतंय, हे तुम्ही ऐकलं असेल, तर त्यामागं हे असतं. यात पैसे वाचतात हे मान्य. पण जी एकच गोष्ट आमच्याकडं उरलीय तीच आम्ही अशी स्वस्तात काढतोय, यावर माझं ऑफिसात बऱ्याचदा वाजतं. यंत्राच्या आवाजात निवेदन करायचं खूळ आलंय, तेही मला याच कारणानं पटत नाही. आवाज गोड असेल, पण त्याला खिडकीबाहेर बघता येत नाही.

ॲपवर रेडिओ ऐकणाऱ्यांना 'आत्ता' थोडं उशिरा मिळतं. आवाजाचे तुकडे करून, थोडे साठवून मग ते वाजवले जातात, त्यात काही सेकंद, कधी अर्धा मिनिट जातो. क्रिकेटची कॉमेंट्री ॲपवर लावली तर आधी शेजारच्या घरातून आरडाओरडा ऐकू येतो आणि मग विकेट पडते. हिंजवडीत नोकरीला गेलेल्या मिरजेच्या पोरांना त्याचं काही वाटत नाही. त्यांना आपल्याकडची सकाळ हवी असते, अर्धा मिनिट शिळी चालते.

एफएमपेक्षा जुन्या मीडियम वेव्हबद्दल मला जास्त माया आहे, हे सांगून टाकते. आकाशवाणी सांगली १९६३ मध्ये सुरू झाली, ती मीडियम वेव्हवर. एफएम साधारण नजरेच्या टप्प्यात पोचतं. साताऱ्याच्या डोंगरात घाटाचं एक वळण घेतलं की स्टेशन गायब. मीडियम वेव्ह जमिनीला धरून लांब जाते आणि रात्री आयनांबर या वातावरणातल्या वरच्या थरावरून परतून आणखी लांब. जतकडची माणसं त्यामुळंच सांगली आणि धारवाड दोन्ही ऐकत वाढली. वीज कडाडली किंवा मोटरचा स्टार्टर पडला की त्यात खरखर होणार, ते सोसायचं.

दुसरा प्रश्न, मला काय वाटतं. सगळ्यात मोठा बदल असा की आता श्रोता मला ऐकू येतो. आकाशवाणीत पोस्टकार्डं यायची. फर्माईश एका गाण्याची आणि नावं अख्ख्या गल्लीची. पत्र लिहिताना माणूस जरा नीटनेटका व्हायचा, सप्रेम नमस्कार घालायचा. आता व्हॉइस नोट येते आणि तिच्यात मागचा कुकर, विट्याच्या यंत्रमागांची खटखट, म्हशीला घातलेली शिवी असं सगळं येतं. मणेराजुरीकडचे एक काका गाणं कधीच मागत नाहीत. आज दव किती पडलंय, वारा आहे का, एवढंच सांगतात आणि ठेवतात. दव म्हणजे पानं ओली, पानं ओली म्हणजे डाऊनी या द्राक्षावरच्या रोगाची धास्ती. काकांनी सांगितलेलं मी वेळेसकट हवेवर सांगते. फवारणीचा सल्ला द्यायच्या भानगडीत पडत नाही.

न आवडणारं म्हणजे स्टुडिओत आलेला कॅमेरा. आता प्रत्येक गोष्टीची रील हवी असते. केस विंचरून बोलायला लागल्यापासून माझं बोलणं सुकलंय असं आमचा साउंडवाला म्हणतो, आणि त्याचा कान चांगला आहे.

या क्षेत्रात यायचा विचार असेल तर एवढंच: नुसत्या रेडिओवर सांगली-साताऱ्यात घर चालवणं अवघड आहे, बहुतेक जण जोडीला सूत्रसंचालन किंवा जाहिरातींना आवाज देणं असं काहीतरी करतात. शिकायला मात्र म्हसवडच्या माणदेशी तरंगसारखं सामुदायिक रेडिओ केंद्र उत्तम, तिथं रेकॉर्डिंगपासून एडिटिंगपर्यंत सगळं अंगावर पडतं. आकाशवाणीची स्वरचाचणी निघाली तर जरूर द्या. तोवर रोज सकाळी धरणांचे आकडे मोठ्यानं वाचायचा सराव करा. टीएमसी (अब्ज घनफूट) म्हणजे धरणातला साठा आणि क्युसेक (सेकंदाला घनफूट) म्हणजे विसर्ग. यात गल्लत झाली की सांगलीकर गाणं संपायच्या आत फोन करतात.