ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडच्या किनाऱ्याने कॅरॅव्हॅनमधून फिरताना वन्यप्राण्यांपासून धोका असतो का?

असतो, पण मुख्यतः मगरींचा. ग्लॅडस्टोनपासून उत्तरेला खाड्या आणि नदीमुखांजवळ पाणी कितीही शांत दिसलं तरी काठाशी रेंगाळू नका. मुक्काम पाण्यापासून निदान 50 मीटर लांब करा आणि मासे साफ केल्यावर घाण तिथेच टाकू नका.

मिशन बीचच्या परिसरात कॅसोवरी दिसू शकतो. माणसाएवढा उंच पक्षी, निळीशार मान, डोक्यावर शिरस्त्राणासारखा तुरा आणि पायाच्या आतल्या बोटाला सुरीसारखं नख. समोर आलाच तर पाठ फिरवून पळू नका. हातातली पिशवी त्याच्या आणि तुमच्या मध्ये धरून सावकाश मागे सरका. त्याला खायला घालणं तिथे बेकायदा आहे आणि ते योग्यच आहे. माणसाच्या हातचं खायची चटक लागली की तो रस्त्यावर येतो आणि गाडीखाली सापडतो. जंगलात फळांच्या बिया पसरवणारा पक्षी असा मरावा, याचं फार वाईट वाटतं.

तिन्हीसांजेनंतर गाडी चालवणं टाळा, कांगारू अचानक आडवे येतात. नोव्हेंबर ते जानेवारीत गेलात तर बंडाबर्गजवळ मॉन रेपोला समुद्री कासवं अंडी घालताना जरूर बघा. रेंजरसोबतच जाता येतं, त्यामुळे बुकिंग आधी करा.