एनबीएमध्ये धडधाकट खेळाडूला विश्रांतीच्या नावाखाली बसवणं ही प्रेक्षकांची फसवणूक नाही का?

तुम्ही विचारलंय की दुखापत नसताना एनबीएचे, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक बास्केटबॉल लीगचे, संघ मोठमोठ्या खेळाडूंना बाकावर बसवतात, तिकीट काढून आलेल्या माणसानं काय करायचं, आणि पूर्वीचे खेळाडू तर हंगामातले सगळे सामने खेळायचे, मग यांनाच काय झालंय.

मी कोल्हापुरात शाळा-कॉलेजच्या पोरांना बास्केटबॉल शिकवतो. पण या प्रश्नाचं उत्तर मला कोर्टवर मिळालं नाही, तालमीत मिळालं. माझे थोरले चुलते, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, ते वस्ताद. चैत्रात जत्रा सुरू झाल्या की गावोगाव मैदानं भरतात आणि चांगल्या पैलवानाला आठवड्यात तीन-तीन ठिकाणची बोलावणी येतात. इनाम दिसत असतं, पोरगं सगळीकडं जायला तयार असतं. आप्पा त्यातली निम्मी परत पाठवायचे. "अंग भरून यायला दिवस लागत्यात," एवढंच कारण. मात्र एकदा होकार दिला, पोस्टर छापलं, एक नंबरच्या जोडीत पैलवानाचा फोटो लागला, की मग माघार नाही. त्यांचं वाक्य मला पाठ आहे: "न्हाई म्हणायचं आसंल तर पोस्टर लागायच्या आदी म्हण."

एनबीएचं सगळं दुखणं इथंच आहे असं मला मनापासून वाटतं. विश्रांतीत गैर काही नाही. ती पोस्टर लागल्यावर जाहीर होते, हे गैर आहे.

आता थोडा हिशोब बघा. एका संघाला नियमित हंगामात ८२ सामने, ४१ घरच्या मैदानावर, ४१ बाहेर. ऑक्टोबरच्या अखेरीपासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. म्हणजे साधारण दर दुसऱ्या दिवशी सामना, आणि मधूनमधून लागोपाठ दोन रात्री. पहिला सामना संपवून विमानात बसायचं, मध्यरात्र उलटून गेल्यावर दुसऱ्या शहरात उतरायचं आणि त्याच संध्याकाळी पुन्हा उड्या मारायच्या. शिवाय हे सगळं झाल्यावर खरी स्पर्धा, म्हणजे जूनपर्यंत चालणारी प्लेऑफ (बाद फेरी), पुढे उभीच असते. प्रशिक्षक नोव्हेंबरमध्ये जूनचा विचार का करतो, ते यावरून कळेल.

या वादातली सगळ्यात गाजलेली रात्र म्हणजे २९ नोव्हेंबर २०१२. सॅन अँटोनियो स्पर्सचे प्रशिक्षक ग्रेग पोपोविच यांनी मायामीतल्या सामन्याआधी टिम डंकन, टोनी पार्कर, मानू जिनोबिली आणि डॅनी ग्रीन या चौघांना सरळ घरी पाठवून दिलं. बाहेरगावच्या सलग सहा सामन्यांतला तो शेवटचा होता आणि पाच रात्रींतला चौथा. सामना देशभर टीव्हीवर दिसणार होता. राहिलेली पोरं जीव तोडून खेळली आणि १०५–१०० अशी हरली. लीगचे तेव्हाचे आयुक्त डेव्हिड स्टर्न यांनी स्पर्सला अडीच लाख डॉलरचा दंड ठोकला.

या प्रकरणात मी दोन्हीकडून बोलतो. पोपोविच यांचा खेळाडूंबद्दलचा अंदाज बरोबर होता. पुढे २०१३–१४ च्या हंगामात त्यांच्या एकाही खेळाडूची सरासरी ३० मिनिटांपर्यंत गेली नाही, तरी संघानं ६२ सामने जिंकले आणि विजेतेपदही मिळवलं. पण मायामीचा प्रेक्षकही खोटा नाही. स्पर्स पश्चिम विभागाचा, मायामी पूर्वेचा. असे संघ एकमेकांच्या गावात नियमित हंगामात एकदाच येतात. ज्यानं डंकनसाठी महिनाभर आधी तिकीट काढलं होतं, त्याला त्या नियमित हंगामात डंकन मायामीत पुन्हा दिसणार नव्हता.

जुन्या खेळाडूंचं म्हणाल तर तुमचं खरं आहे. मायकल जॉर्डन नऊ हंगामांत सगळेच्या सगळे ८२ सामने खेळला. ए. सी. ग्रीन सलग १,१९२ सामने खेळला. पण आपण टिकलेल्यांची नावं लक्षात ठेवतो. बिल वॉल्टन १९७७ चा विजेता, १९७८ चा सर्वोत्तम खेळाडू, आणि पायाच्या दुखण्यामुळं त्यानंतरच्या चार हंगामांत मिळून फक्त १४ सामने खेळला. खेळही बदललाय. आता पाचही जण तीन गुणांच्या रेषेबाहेर पसरतात, त्यामुळे बचाव करणाऱ्याला सारखं धावत बाहेर यायचं, गचकन थांबायचं, वळायचं असतं.

'धडधाकट' हा शब्दही मला खटकतो. गुडघ्याच्या वाटीखाली जी जाड कंडरा असते, ती उड्या मारणाऱ्यांची हमखास दुखते. तिची खोड अशी की खेळायला लागताना ठणकते, अंग तापलं की गप्प बसते, सामनाभर काही कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी जिना उतरताना रेलिंग धरावं लागतं. माझ्याकडची पोरं सिमेंटच्या कोर्टवर खेळतात. सामना संपल्या संपल्या विचारलं तर प्रत्येक जण "काय नाही सर" म्हणतो. म्हणून मी दुसऱ्या दिवशी सकाळी पायऱ्यांच्या खाली उभा राहतो आणि कोण कसा उतरतोय ते बघतो.

विश्रांतीनं दुखापत टळतेच असं मात्र कुणी सांगत असेल तर सावध राहा. कवाय लेनर्ड २०१७–१८ मध्ये दुखापतीमुळं जेमतेम ९ सामने खेळला होता. पुढच्या वर्षी टोरंटोच्या संघानं त्याला जपून ८२ पैकी ६० सामने खेळवलं आणि २०१९ चं विजेतेपद जिंकलं. तेव्हापासून सगळे त्याचंच उदाहरण देतात. पण त्याच लेनर्डचा गुडघा २०२१ च्या प्लेऑफमध्ये गेला आणि पुढचा अख्खा हंगाम बुडाला. लीगनंच करून घेतलेला एक अभ्यास २०२४ च्या जानेवारीत बाहेर आला, त्यातही सामने चुकवल्यानं पुढच्या दुखापती कमी होतात असा पुरावा सापडला नाही. अर्थात तो अभ्यास लीगचा, आणि लीगला खेळाडू मैदानात हवेत, हेही ध्यानात ठेवायला हवं. मी तो मानतो, पण पोराचा लंगडा पाय समोर दिसत असताना मानत नाही.

२०२३ पासून नियम कडक झालेत. मागच्या तीन हंगामांत ऑल-स्टार किंवा ऑल-एनबीए झालेल्या, म्हणजे लीगच्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंत निवड झालेल्या, खेळाडूंपैकी दोघांना दुखापत नसताना एकाच सामन्यात बसवता येत नाही. पहिल्या चुकीला एक लाख डॉलर, दुसऱ्या चुकीला अडीच लाख. मोठे पुरस्कार हवेत तर किमान ६५ सामने खेळायचे. यातल्या दोन गोष्टी मला फार आवडल्या. एक म्हणजे वय झालेल्या खेळाडूला लागोपाठच्या सामन्यांत सूट हवी असेल तर किमान आठवडाभर आधी लेखी कळवायचं. आणि दुसरी, जो धडधाकट खेळाडू बसणार आहे त्यानं प्रेक्षकांना दिसेल असं हजर राहायचं. शाहू महाराजांनी खासबाग मैदान असं बांधून घेतलं की शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती नीट दिसावी. बघायला येणाऱ्याचा मान ठेवायचा असतो, तो असा.

खरा उपाय सामने कमी करणं हा आहे, पण ४१ घरच्या सामन्यांची तिकिटं आणि टीव्हीचा पैसा सोडायला मालकही तयार नाहीत आणि खेळाडूही. म्हणून निदान आधी सांगा, एवढीच माझी मागणी. बुमराह २०२५ च्या इंग्लंड दौऱ्यात पाचपैकी तीनच कसोटी खेळणार हे दौऱ्याआधी सांगितलं होतं. कुरबुर झाली, पण फसवलं असं कुणाला म्हणता आलं नाही.

हे मी शिकलो ते स्वतःच्या चुकीतून. दोन वर्षांपूर्वी तीन दिवसांत पाच सामन्यांची स्पर्धा होती. माझा सगळ्यात उंच पोरगा सकाळी पायऱ्या तिरका उतरत होता, म्हणून मी त्याला दुसऱ्या दिवशी बसवलं. निर्णय बरोबर होता. पण त्याचे वडील गारगोटीहून अर्ध्या दिवसाची रजा टाकून एसटीनं आले होते, पोराला पहिल्यांदा खेळताना बघायला. पोरगा ट्रॅकसूट घालून बाकावर. सामना संपल्यावर ते माझ्याकडे आले आणि हळूच म्हणाले, "सर, काय चुकलं का त्याचं?"

मला काही बोलता येईना. तेव्हापासून वेळापत्रक हातात आलं की कोण कुठल्या सामन्यात बसणार ते मी आधीच लिहून पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकतो. ऐन वेळी पाय दुखला तर बदल होतो, तोही लगेच कळवतो. गेल्या हंगामात त्याच पोराच्या नावापुढं लिहिलं होतं, 'शनिवारी विश्रांती, रविवारी खेळणार.' रविवारी वडील आले, सोबत आजीलाही घेऊन आले. आजी अख्खा सामना उभ्यानं बघत होत्या. बसा म्हटलं तर म्हणाल्या, "बसल्यावर टोपली दिसत न्हाई."