वाचक विचारतात : कँडी केन, ‘जे’ अक्षर की मेंढपाळाची काठी?

प्रश्न : नातवाच्या शाळेत नाताळाला कँडी केन, म्हणजे लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या आकडीदार साखरेच्या कांड्या, वाटल्या. ‘जे’चा आकार म्हणजे जीझस, पांढरा रंग पावित्र्याचा, लाल रक्ताचा, असं मुलांना सांगितलं. हे मुळापासून तसंच आहे का? आणि ती घरी करता येते का?
– एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : काठीचा अर्थ घट्ट धरा, ‘जे’चा सैल. लूकच्या दुसऱ्या अध्यायात जन्माची वार्ता मेंढपाळांना मिळते, आणि योहान 10:11 मध्ये येशू स्वतःला उत्तम मेंढपाळ म्हणतो. आकडीची काठी तिथे चपखल बसते. ‘जे’ दिसतो तो काठी उलटी धरल्यावर, तोही इंग्रजीतच. आपल्या ‘येशू’त तो शोधूनही सापडायचा नाही. पट्ट्यांचं नातं यशया 53:5 मधल्या फटक्यांशी आणि पेपरमिंटचं स्तोत्र 51:7 मधल्या एजोब या सुगंधी वनस्पतीशी जोडतात. अर्थ सुंदर आहेत, पण मागाहून लावलेले. एकोणिसाव्या शतकातल्या शुभेच्छापत्रांवर या काठ्या नुसत्या पांढऱ्या आहेत. लाल पट्टे विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आले. गंमत अशी, की त्या पिळून कापण्याचं यंत्र 1950च्या दशकात ग्रेगरी केलर या कॅथलिक धर्मगुरूंनीच बनवलं, अमेरिकेतल्या जॉर्जियात मेव्हण्यांच्या कारखान्यासाठी.

घरी करायची तर गजक, म्हणजे तीळ-गुळाची खुसखुशीत मिठाई, करणाऱ्याची खुंटी आठवा. तो गूळ ओढतो, इथे साखर. हवा शिरली की रंग फिकटतो, हे तत्त्व एकच. साखर 500 ग्रॅम, लिक्विड ग्लुकोज 200 ग्रॅम, पाणी 150 मिली. साखर विरघळेपर्यंतच ढवळा, मग डाव बाजूला ठेवा. भांड्याच्या कडांवरचे साखरेचे कण ओल्या ब्रशने उतरवा. एक कण जरी पाकात पडला तरी सगळा पाक रवाळ होतो. पाक 150 अंश सेल्सिअसला उतरवा. थर्मामीटर नसेल तर थेंब गार पाण्यात टाका: तो वाकता कामा नये, कट्‌कन मोडला पाहिजे. गोळीबंद पाकाच्या हे पुष्कळ पुढचं आहे. पाव चमचा खायचं पेपरमिंट तेल उतरवल्यावरच घाला, उकळीत वास उडून जातो.

तेल लावलेल्या दगडी ओट्यावर ओता. एक तृतीयांश भाग वेगळा काढून त्यात लाल रंग मिसळा, तो ओढू नका. उरलेला, सुती मोज्यांवर रबरी हातमोजे चढवून, मोत्यासारखा पांढरा होईपर्यंत ओढा, दुमडा, पुन्हा ओढा. पांढऱ्या लोळीवर लाल पट्ट्या बसवा, लांबवा, पिळा, 15 सेंटीमीटरवर कापा आणि लगेच लाटण्याभोवती वाकवा. आकडी मोडते ती नेहमी उशीर झाल्यामुळे. म्हणून उरलेली लोळी मंद गरम ओव्हनमध्ये ठेवत जा. मुलांना वाकवण्यापुरतंसुद्धा जवळ घेऊ नका, हा पाक कातडीला चिकटून भाजतो.

प्रश्न : आमच्या कांड्या दोन दिवसांत चिकट होतात आणि लाल रंग पसरतो.

उत्तर : दोन्हींचं मूळ पाणी. पातळ रंगाऐवजी जेल किंवा पावडर वापरा. पाक 145 अंशांच्या आधीच आचेवरून उतरवला असेल तर ओल आत राहते. लिंबू पिळत असाल तर बंद करा: आंबटाने साखर फुटते आणि हवेतली ओल ओढते. गार होताच सेलोफेनमध्ये एकेक गुंडाळा, पण फ्रीजमध्ये ठेवू नका. बाहेर काढताच घाम सुटेल.