कर्नलमध्ये मेमरी करप्ट झाली की काय छापावं? आधी ती कोणी फ्री केली ते

तुम्ही विचारलंय की तुमच्या लिनक्स कर्नल मॉड्यूलमध्ये मेमरी करप्ट झाली, म्हणजे भलत्याच कोडनं तिच्यात काहीतरी लिहिलं, की लॉगमध्ये फक्त एक पत्ता आणि सोळा बाइटचा हेक्स डंप (मेमरीतले बाइट जसेच्या तसे) येतो. तो सुधारायचा तर काय छापावं, डंप किती मोठा असावा? आणि तुमचे लीड म्हणतात, एक ओळ पुरे.

त्या शेवटच्या वाक्यासाठी लिहायला बसले. एक ओळ पुरत नाही. हिंगणा एमआयडीसीत एक अख्खा उन्हाळा या एका ओळीपायी घालवलाय मी.

आमचा डबा सबस्टेशनच्या पॅनलमध्ये बसायचा. आर्म प्रोसेसर, २५६ एमबी रॅम, ४.१४ कर्नल आणि फीडरच्या मीटरला जोडलेला यूएसबी ते आरएस-४८५ अडॅप्टर. मीटरचं रीडिंग कर्नल ड्रायव्हरमध्येच उलगडायचं, हा निर्णय मी येण्याआधीचा. चुकीचाच होता, पण तो वेगळा विषय. एप्रिलपर्यंत सगळं सुरळीत चाललं. मे लागला आणि काटोलकडच्या एका सबस्टेशनवरचा डबा भर दुपारी बसायला, म्हणजे बंद पडायला, लागला. ऊप्स (कर्नल कोसळताना छापतो तो रिपोर्ट) यायचा तो दर वेळी नेटवर्कच्या कोडमध्ये, कधी पॅकेट पाठवताना, कधी सॉकेट बंद करताना. आमच्या ड्रायव्हरचं नाव त्यात कुठेच नसायचं.

आमच्या सरांनी पहिल्याच दिवशी निकाल देऊन टाकला. "मॅडम, ऊन बघा. ४५ डिग्रीत माणूस टिकत नाही, तिथं रॅम काय टिकते? हार्डवेअर फॉल्ट लिहा अन् बोर्ड बदलवा." बोर्ड बदलला. दुसराही बदलला. तिसराही तसाच बसला. काढून आणलेला बोर्ड मी टेस्ट चेंबरमध्ये ६० डिग्रीला ठेवून दोन रात्री मेमटेस्टर हा रॅम तपासणारा प्रोग्राम चालवला. एक बिट हलला नाही.

मला राग याचा होता की मार्चमध्येच मी ड्रायव्हरच्या प्रोब आणि डिस्कनेक्टमध्ये (उपकरण जोडलं आणि सुटलं की चालणारी फंक्शनं) एकेक ओळ छापत होते: कोणता ऑब्जेक्ट, कोणी घेतला, कोणी सोडला, कधी. रिव्ह्यूमध्ये सरांनी ती काढायला लावली. "लॉग कचरा होते." ती ओळ असती तर आमचा मे महिना वाचला असता, असं मी तेव्हाही म्हटलं आणि आजही म्हणते.

सबस्टेशनवर गेले तेव्हा तिथल्या ऑपरेटर भाऊंनी त्यांचं रजिस्टर पुढे केलं. तासातासाचं व्होल्टेज, लोड, आणि समासात बारीक अक्षरात "डबा बंद" अशी वेळेसकट नोंद. म्हणाले, "ताई, लाइट डीम झाली का तुमचा डबा बसतेच." पहिल्यांदा कोणी मला पत्त्याऐवजी वेळ आणि त्याआधी काय घडलं ते सांगत होतं. दुपारी गावभरचे कूलर-एसी एकदम चालले की व्होल्टेज पडायचं आणि आमचा यूएसबी अडॅप्टर क्षणभर मरून परत यायचा. म्हणजे डिस्कनेक्टचा कोड. उन्हाचा संबंध होता, पण तो रॅमशी नव्हता.

३२ बिट आर्मवर कासान, म्हणजे मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कर्नलमधलं साधन, ५.११ पासून आलं, त्यामुळे आम्हाला ते वापरता येत नव्हतं. स्लब म्हणजे कर्नलचा मेमरी वाटणारा भाग. बूट ओळीत त्याचं स्लब_डिबग लावलं, एफ-झेड-पी-यू चारही अक्षरं, पण फक्त केमॅलॉक-१२८ या कॅशसाठी, म्हणजे १२८ बाइटपर्यंतच्या ऑब्जेक्टच्या साठ्यासाठी. पी म्हणजे पॉइझन, ते लावलं की फ्री झालेला ऑब्जेक्ट ६बी नं भरला जातो आणि शेवटचा बाइट ए५ असतो. दोन दिवसांनी लॉगमध्ये आलं, पॉइझन ओव्हररिटन, म्हणजे त्या ६बी वर कोणीतरी लिहिलंय. सगळीकडे ६बी ६बी ६बी आणि मध्येच चार बाइट: ४सी ०७ ०० ००. उलटं वाचा, ०७४सी म्हणजे १८६८. आमचा ड्रायव्हर व्होल्टेज दहानं गुणून ठेवायचा. १८६.८ व्होल्ट! फ्री झालेल्या मेमरीत त्या दुपारचं पडलेलं व्होल्टेजच लिहिलेलं होतं. रजिस्टरमध्ये त्या वेळेला १८७ होतं. मी खुर्चीवरून उठून उभी राहिले होते.

खाली यू मुळे (ते कोणी घेतलं, कोणी सोडलं याची नोंद ठेवतं) आलेल्या दोन ओळी होत्या, अलोकेटेड इन आमचं प्रोब, फ्रीड इन आमचं डिस्कनेक्ट. डिस्कनेक्टमध्ये कॅन्सल_डिलेड_वर्क होतं, त्याचं सिंकवालं रूप नव्हतं. आधीच सुरू झालेलं काम थांबायची वाट न बघता आम्ही स्ट्रक्चर फ्री करत होतो, आणि ते काम नंतर त्यात रीडिंग लिहायचं. केमॅलॉक-१२८ मधून अर्धा कर्नल मेमरी घेतो, नेटवर्कवाल्यांनी तीच जागा घेतलेली असायची आणि मरायचे ते. दुरुस्ती एका शब्दाची होती. क्लोजर रिपोर्टमध्ये कारण मात्र अतिउष्णता असंच गेलं, आणि ते मला अजून मान्य नाही.

आता तुमचं. सगळ्यात आधी कोणी घेतली आणि कोणी फ्री केली, दोन्हींचे स्टॅक (कोणत्या फंक्शननं कोणतं बोलावलं त्याची यादी), पीआयडी म्हणजे प्रोसेसचा नंबर, आणि किती वेळापूर्वी. चूक सापडली त्या जागेचा स्टॅक त्यानंतर, कारण स्लबचं पॉइझन तपासलं जातं ते पुढच्या अलोकेशनला, तेव्हा तिथे उभा असलेला बहुतेक वेळा निर्दोष असतो. मग बाइट काय असायला हवा होता आणि काय निघाला. आणि पत्ता नुसता देऊ नका. कासानच्या रिपोर्टमध्ये एक वाक्य असतं, हा पत्ता १२८ बाइटच्या ऑब्जेक्टच्या आत २४ बाइटवर आहे, अशा अर्थाचं. तो २४ घेऊन स्ट्रक्चर उघडलं की फील्ड सापडतं. सोळा आकडी पत्त्यावरून काही सापडत नाही. ५.१२ किंवा पुढचा कर्नल असेल तर मेम_डंप_ऑब्ज हे फंक्शन तयारच आहे, पॉइंटर दिला की तो कोणत्या स्लॅबमधला, म्हणजे कोणत्या साठ्यातला, ते छापतं, आणि यू चालू असेल तर तो कोणी घेतला तेही.

ऑब्जेक्ट छोटा असेल तर त्याचा डंप पूर्ण घ्या. आमचे ते चार बाइट सोळाच्या डंपमध्ये आलेच नसते.

लीडच्या बाजूचंही एक खरं आहे. ११५२०० च्या सिरियल कन्सोलवर सेकंदाला साधारण ११,५०० अक्षरं जातात. सत्तर अक्षरांच्या साठ ओळी म्हणजे सेकंदाच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त, आणि तेवढा वेळ इंटरप्ट बंद असतील तर दुसरंच काहीतरी कोसळेल. म्हणून पहिला रिपोर्ट पूर्ण छापा, पुढचे गाळा. कासानही मुळात पहिलाच छापतं. ओळींची संख्या कमी करायची असेल तर अशी करा, माहिती कापून नाही. आणि ४.१५ पासून छापायचं साधं पी फॉरमॅट (%p) पत्ता हॅश करून, म्हणजे खरा कळू नये असा बदलून, छापतं, ते बाहेर जाणाऱ्या डब्यात तसंच राहू द्या, उघडे पत्ते फक्त टेबलावरच्या बोर्डावर. तिथेही स्लब_डिबग सगळ्या कॅशेसना लावू नका, सगळं इतकं मंदावतं की टायमिंगची चूक दडून बसते. चालू यंत्रणेत ठेवायचं असेल तर ५.१२ पासूनचं केफेन्स हे हलकं साधन बघा. ते १०० मिलिसेकंदांतून एखादंच अलोकेशन पहाऱ्यात घेतं आणि २ एमबीत भागतं, पण त्यामुळे चूक हाती लागायला बरेच डबे किंवा बरेच दिवस लागतात.

लीड तरीही ऐकत नसतील तर वाद घालू नका, मी तो घालून बघितलाय. कर्नलमध्ये एलकेडीटीएम नावाचं मॉड्यूल आहे, त्यातून राइट-आफ्टर-फ्री, म्हणजे फ्री केलेल्या मेमरीत लिहिणं, मुद्दाम घडवता येतं. तुमच्या मॉड्यूलमध्ये तशीच एक चूक घाला, आत्ताचा एका ओळीचा लॉग त्यांच्या हातात द्या आणि विचारा, सर, कोणती फाइल उघडू?